नळाचा मालक कोण? पाणीपुरवठा गुंतवणूक फंडांच्या हाती गेल्यावर ग्राहकाचे काय होते

पाणीपट्टीची पावती हातात आली की आपण आधी रक्कम पाहतो. जास्त वाटली तर दोन शब्द बोलतो आणि भरून टाकतो. पावतीवर नगरपरिषदेचे नाव असते, त्यामुळे जाब कोणाला विचारायचा हे आपल्याला माहीत असते. नगरसेवक आपल्याच गल्लीत राहतो, मुख्याधिकाऱ्यांचे दालन बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर असते आणि निवडणुकीच्या सभेत हाच प्रश्न माइक हातात घेऊन विचारता येतो.

पण समजा, पावतीवरचे नाव तेच राहिले आणि पावतीमागचा निर्णय घेणारा बदलला तर? समजा, पाणी पुरवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीची, ती कंपनी तिसऱ्या फंडाची आणि त्या फंडाचे कार्यालय लंडनला किंवा न्यूयॉर्कला असेल तर? जगातल्या अनेक शहरांत हे घडलेले आहे. महाराष्ट्रात ते जसेच्या तसे घडलेले नाही, पण ज्या दारातून हे येते ते दार आपल्याकडे २० वर्षांपासून उघडे आहे. म्हणून हा विषय संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावानेही समजून घ्यायला हवा.

प्रायव्हेट इक्विटी म्हणजे नेमके काय?

बँक, कारखानदार, ठेकेदार हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. 'प्रायव्हेट इक्विटी' हा शब्द तसा नवा. याचा साधा अर्थ असा: पेन्शन फंड, विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबे, काही देशांची सरकारे यांच्याकडे मोठा पैसा पडून असतो. तो पैसा एक व्यवस्थापन कंपनी एकत्र करते आणि त्यातून चालत्या कंपन्या विकत घेते. काही वर्षे ती कंपनी चालवायची, तिची किंमत वाढवायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकायची, असा हा व्यवहार असतो. व्यवस्थापन करणाऱ्याला दरवर्षी फी मिळते आणि विक्रीच्या नफ्यात वाटाही मिळतो.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. कंपनी विकत घेताना फंड सगळा पैसा स्वतःचा घालत नाही. समजा १०० रुपयांची कंपनी आहे. फंड ३० रुपये स्वतःचे घालतो आणि ७० रुपये कर्ज काढतो. हे कर्ज बहुधा विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर येते. घर विकत घेणाऱ्याने कर्ज काढावे आणि हप्ते मात्र त्या घरातल्या भाडेकरूंच्या भाड्यातून जावेत, तसा हा प्रकार आहे. धंदा चांगला चालला तर ३० रुपये घालणाऱ्याला मोठा नफा होतो. धंदा फसला तर त्याचे फार तर ३० रुपये जातात. कर्ज आणि मोडकी यंत्रणा मागे राहते.

हे बिस्किटाच्या कंपनीत झाले तर आपण दुसरे बिस्किट घेऊ. पाण्याचे तसे नाही. दूधवाला बदलता येतो, मोबाइलचे सिम बदलता येते, नळ बदलता येत नाही. एका गल्लीत दोन कंपन्यांच्या दोन पाइपलाइन कधी नसतात. गिऱ्हाईक जाणार कुठे? पाणी लागणारच, बिल भरणारच. पाण्याचा धंदा गुंतवणूकदारांना आवडतो तो याचसाठी. दरवर्षी हमखास येणारा पैसा, मंदी असो वा तेजी. आपल्यासाठी जी असहायता आहे, तिलाच त्यांच्या भाषेत 'खात्रीचे उत्पन्न' म्हणतात.

लंडनचा धडा

इंग्लंड आणि वेल्समधले सरकारी पाणीपुरवठा मंडळ १९८९ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने विकले. विकताना सरकारने या कंपन्यांवरचे जुने कर्ज माफ केले, म्हणजे नव्या मालकांना कोरी पाटी मिळाली. लंडन आणि आसपासच्या सुमारे दीड कोटी लोकांना सेवा देणारी 'टेम्स वॉटर' ही त्यातली सर्वांत मोठी कंपनी.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी या गुंतवणूक कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाने टेम्स वॉटर विकत घेतली. मॅक्वारीने आपला शेवटचा हिस्सा २०१७ मध्ये विकला. या ११ वर्षांत कंपनीवरचे कर्ज सुमारे ३४० कोटी पाउंडांवरून १,००० कोटी पाउंडांच्या पुढे गेले आणि याच काळात मालकांना लाभांशापोटी २५० कोटी पाउंडांहून अधिक रक्कम मिळाली. कर्जाचा पैसा पाइपलाइनवरही खर्च झाला, असे मॅक्वारीचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण २०१७ मध्येच थेम्स नदीत आणि तिच्या उपनद्यांत सांडपाणी सोडल्याबद्दल न्यायालयाने कंपनीला २ कोटी पाउंडांहून जास्त दंड केला. प्रदूषण त्याआधीच्या वर्षांतले होते.

पुढे काय झाले? व्याजदर वाढले तसे कर्जाचे ओझे असह्य झाले. २०२५ मध्ये त्या कंपनीवर २,००० कोटी पाउंडांच्या आसपास कर्ज होते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नियामकाने २०३० पर्यंत ग्राहकांची बिले सुमारे ३५ टक्क्यांनी वाढवायला परवानगी दिली. महागाईची वाढ त्यावर वेगळी. २०२५ च्या मे महिन्यात याच कंपनीला १२ कोटी पाउंडांहून अधिक दंड झाला. कंपनी वाचवायला पुढे आलेल्या केकेआर या अमेरिकी फंडानेही जूनमध्ये अंग काढून घेतले.

इंग्लंडमध्ये कायदा आहे, ऑफवॉट नावाचा स्वतंत्र नियामक आहे, वर्तमानपत्रे जागी आहेत. तरीही हे झाले. ज्याने कर्ज वाढवले तो हिस्सा विकून निघून गेला आणि ज्याच्या घरी नळ आहे तो जागच्या जागी राहिला.

संगमनेरएवढ्या गावाची गोष्ट

लंडन फार मोठे शहर, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. म्हणून एका लहान गावाचे उदाहरण देतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात बेयॉन नावाचे शहर आहे. २०१० च्या तिथल्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ६३ हजार होती. २०११ च्या आपल्या जनगणनेत संगमनेर शहराची लोकसंख्या ६५ हजारांच्या पुढे होती. म्हणजे दोन्ही गावे साधारण सारखीच.

बेयॉनच्या पाणी खात्यावर मोठे कर्ज होते, पाइप जुने झाले होते आणि दर वाढवायला कोणी पुढारी तयार नव्हता. हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. २०१२ मध्ये या शहराने केकेआर हा फंड आणि युनायटेड वॉटर ही कंपनी यांच्याशी ४० वर्षांचा करार केला. शहराला एकरकमी पैसा मिळाला, त्यातून कर्ज फिटले. ९० टक्के हिस्सा केकेआरचा होता.

करारात एक कलम होते: कंपनीला दरवर्षी ठरावीक उत्पन्न मिळालेच पाहिजे. लोकांनी पाणी कमी वापरले आणि उत्पन्न घटले, तर दर वाढवून ते भरून काढायचे. म्हणजे बचत करणाऱ्याला बचतीचा फायदा नाही. पहिली काही वर्षे दर स्थिर राहतील असे लोकांना सांगितले गेले होते. प्रत्यक्षात २०१६ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने जे वार्तांकन केले, त्यानुसार चार वर्षांत दर सुमारे २८ टक्के वाढले होते. त्यानंतर थोड्याच काळात केकेआरने आपला हिस्सा दुसऱ्या फंडाला विकला. करार ४० वर्षांचा, पण ज्याच्याशी केला तो सहा-सात वर्षेही थांबला नाही.

बेयॉनमध्ये पाइप दुरुस्त झाले, मीटर नवे बसले, हेही खरे. पण एकरकमी मिळालेला पैसा ही भेट नव्हती. ते कर्जच होते, फक्त ते आता नगरपालिकेच्या वहीतून उठून प्रत्येक घराच्या पाणी बिलात जाऊन बसले होते.

आपल्याकडे दार कोणते?

भारतात नगरपालिकेची पाइपलाइन विकली जात नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हा नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांमध्ये आहे. आपल्याकडे मालकी नगरपालिकेची राहते आणि चालवण्याचा करार कंपनीला दिला जातो, दहा, वीस किंवा पंचवीस वर्षांसाठी. यालाच सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणजे पीपीपी म्हणतात. फंड येतो तो या करारावाटे. तो आपली पाइपलाइन घेत नाही, करार असलेली कंपनीच घेतो.

सुएझ या फ्रेंच कंपनीचे उदाहरण घ्या. मुंबईच्या पाणी वितरण सुधारणेचे काम २०१४ मध्ये तिला मिळाले. तामिळनाडूत कोइम्बतूर शहराला २४ तास पाणी देण्याचा दीर्घ मुदतीचा करार २०१८ मध्ये तिच्याशी झाला. २०२२ च्या सुरुवातीला, व्हिओलिया या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्या सुएझचा मोठा भाग घेतल्यानंतर, उरलेली नवी सुएझ मेरिडियम, ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्स आणि फ्रान्सची एक सरकारी वित्तसंस्था यांच्या गटाकडे गेली. यातले पहिले दोन गुंतवणूक फंड आहेत. पुढे २०२४ मध्ये ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्स हा फंडच अमेरिकेच्या ब्लॅकरॉकने विकत घेतला. कोइम्बतूरच्या नळाला पाणी त्याच पाइपातून येत राहिले, पण त्यामागची मालकी दोनदा हलली आणि त्या शहराच्या मतदाराला कोणी विचारले नाही. विचारण्याची कायद्यात सोयच नव्हती.

महाराष्ट्राने काय पाहिले?

आपल्या राज्यातील अनुभव मुख्यतः कंपन्यांचा आहे, फंडांचा नाही. पण करार सारखाच असतो, म्हणून त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

नागपूर: महापालिकेने व्हिओलिया आणि विश्वराज यांच्या 'ऑरेंज सिटी वॉटर' या संयुक्त कंपनीशी २५ वर्षांचा करार केला आणि मार्च २०१२ पासून शहराचा पाणीपुरवठा तिच्याकडे गेला. यंत्रणा सुधारण्याच्या खर्चातला ७० टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारच्या जेएनएनयूआरएम योजनेतून आला, म्हणजे जनतेच्या करातून. पाच वर्षांत संपूर्ण शहराला २४ तास पाणी देण्याचे उद्दिष्ट होते. काही भागांना फायदा झाला, नळजोडण्या वाढल्या, झोपडपट्ट्यांतही नळ गेले. पण पाच वर्षांत संपूर्ण शहराला २४ तास पाणी मिळाले नाही. पाणीदरात दरवर्षी ५ टक्के वाढ करण्याची तरतूद महापालिकेच्या उपविधीतच आहे. म्हणजे दरवाढीवर दरवर्षी सभागृहात नव्याने भांडावे लागत नाही, ती आपोआप होऊ शकते. दरसाल ५ टक्के ऐकायला कमी वाटते. पण १५ वर्षांत दर दुपटीच्या पुढे जातो.

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर: 'समांतर जलवाहिनी' हा शब्द तिथल्या माणसाला आजही चिडवतो. जायकवाडीहून नवी पाइपलाइन टाकायची आणि शहराचा पाणीपुरवठा २० वर्षे चालवायचा, असा करार २०११ मध्ये झाला. 'औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी' ही कंपनी त्यासाठी स्थापन झाली. मूळ एसपीएमएल कंपनीबरोबर पुढे एस्सेल समूहही तिच्यात आला. १ सप्टेंबर २०१४ पासून शहराचे पाणी कंपनीकडे गेले. वसुली सुरू झाली, मुख्य जलवाहिनीचे काम मात्र पुढे सरकेना. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. मग २०१९ मध्ये १,६८० कोटींची नवी योजना मंजूर झाली, तिचा खर्च नंतर २,७४० कोटींवर गेला. दरम्यान घरगुती पाणीपट्टी वर्षाला ४,०५० रुपयांपर्यंत पोचली होती आणि पाणी अनेक दिवसांआड येत होते. पुढे ती निम्मी करून २,०२५ रुपये करण्यात आली. कंपनी गेली, पण तिच्या नावावर वाया गेलेली वर्षे शहराला परत मिळाली नाहीत.

लातूरमध्ये २००८ च्या सुमारास शहराचा पुरवठा खासगी कंपनीकडे गेला, मीटर आणि दर यांवरून लोक रस्त्यावर उतरले आणि काही वर्षांतच प्रयोग गुंडाळावा लागला. मुंबईत अंधेरी-जोगेश्वरी परिसरातल्या के-पूर्व विभागासाठी जागतिक बँकेच्या मदतीने अभ्यास सुरू झाला होता. नागरिकांनी २००७ च्या सुमारास आकडेवारीनिशी प्रश्न विचारले आणि तो प्रस्ताव पुढे गेला नाही. पाण्याशी संबंध नसलेले पण शिकवणारे उदाहरण कोल्हापूरच्या टोलचे. शहरातल्या रस्त्यांसाठी आयआरबी कंपनीशी करार झाला, लोकांनी टोल नाकारला, शेवटी तो रद्द झाला. पण कंपनीचे पैसे सरकारला, म्हणजे पुन्हा आपल्यालाच, द्यावे लागले.

या सगळ्यांतून दिसते ते एवढेच: करार करणे सोपे असते, त्यातून बाहेर पडणे महाग असते.

वस्तीवर काय परिणाम होतो?

बातम्यांमध्ये 'ग्राहक' हा एकच शब्द असतो. पण वस्तीत काम करणाऱ्याला माहीत असते की सगळे ग्राहक सारखे नसतात. बंगल्यात बोअर असते, छतावर टाकी असते, गच्चीवर वीस लिटरचे जार येतात. दोन खोल्यांच्या घरात एक नळ आणि दोन ड्रम असतात. दर वाढला की पहिल्या घराला बिल वाढल्याचे कळते. दुसऱ्या घरात भाजीचे, औषधाचे, मुलांच्या वह्यांचे पैसे कमी होतात.

दुसरे म्हणजे सार्वजनिक नळ. वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या नळाचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे? महसुलावर चालणाऱ्या कंपनीच्या हिशेबात हा नळ म्हणजे गळती. म्हणून २४ तास पाण्याच्या योजनांत सार्वजनिक नळ बंद करून घरोघरी मीटर देण्याकडे कल असतो. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी इथल्या २४ तास पाण्याच्या प्रायोगिक भागांत हेच धोरण होते. घरात नळ येणे चांगलेच आहे. पाण्यासाठी उन्हात उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा. पण जागेचा उतारा नाही, घर गायरानावर किंवा नदीकाठी आहे, अशा कुटुंबाला घरजोडणी मिळत नाही आणि कोपऱ्यावरचा नळही जातो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले की झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. महापालिका या निकालाला बांधील असते. कंपनी करारातल्या कलमांकडे बोट दाखवते. म्हणून तो हक्क करारातच लिहून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट नोकऱ्यांची, आणि ती आपल्या समाजाशी थेट जोडलेली आहे. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन, फिटर, पंपचालक, लिपिक ही पदे असतात आणि त्यांच्या भरतीला आरक्षण लागू असते. अनेक घरांत पहिली पगाराची नोकरी अशाच खात्यातून आली आणि त्या पगारावर पुढची पिढी शिकली. काम कंपनीकडे गेले की ती पदे निवृत्तीबरोबर हळूहळू संपतात. कंपनीच्या भरतीला आरक्षण लागू नाही. तेच काम तोच मुलगा कंत्राटावर करतो, पेन्शनशिवाय, उद्याच्या खात्रीशिवाय.

मग सरकारी कारभार चांगला आहे का?

नाही. तसे म्हटले तर लोक हसतील. जुन्या पाइपांतून पाणी गळते, टाकीजवळच्या गल्लीला जोर असतो आणि शेवटच्या गल्लीला थेंब. कोणाकडे किती थकबाकी आहे हे सांगता येत नाही. वीजबिल थकले की पंप बंद. हीच दुरवस्था दाखवून खासगीकरणाची बाजू मांडली जाते, आणि म्हणूनच ती लोकांना पटते.

पण तिसरा रस्ताही आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूर नगरपंचायतीने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीने २०१० च्या सुमारास संपूर्ण गावाला २४ तास मीटरने पाणी दिले. दर टप्प्याटप्प्याचे ठेवले: कमी वापरणाऱ्याला कमी दर, जास्त वापरणाऱ्याला चढता दर. हे काम कोणत्याही फंडाने केले नाही. पॅरिसने २०१० मध्ये खासगी कंपन्यांकडून पाणीपुरवठा परत घेतला आणि दुसऱ्याच वर्षी दर ८ टक्क्यांनी कमी केले. म्हणजे तांत्रिक ज्ञान कंपनीकडेच असते हा समज खरा नाही. ठेकेदाराकडून एखादे काम करून घेणे वेगळे आणि पाण्याचे निर्णय त्याच्या हाती देणे वेगळे.

आपल्या गावाचेच पाहा. संगमनेर शहराला निळवंडे धरणातून थेट पाइपलाइनने, गुरुत्वाकर्षणाने पाणी येते. उंचावरून पाणी आपोआप उतरत असल्याने उपशाच्या विजेचा मोठा खर्च वाचतो. हे धरण, ही पाइपलाइन जनतेच्या पैशातून आणि विस्थापितांच्या जमिनीवर उभी राहिली. संगमनेरमध्ये खासगीकरणाचा प्रस्ताव आहे असे मी म्हणत नाही. पण खात्रीचा स्रोत, कमी खर्च आणि वाढते शहर हे गुंतवणूकदाराच्या नजरेने पाहिले तर उत्तम गिऱ्हाईक आहे. असा ठेवा ज्या गावाकडे आहे, त्याने आधीच सावध असावे.

करार समोर आला तर काय विचारायचे?

आपल्या राज्यात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे, २००५ च्या कायद्याने झालेले. पण ते धरणातून नगरपालिकेला मिळणाऱ्या ठोक पाण्याचा दर ठरवते. आपल्या नळाचा दर नगरपालिका ठरवते आणि त्यावर इंग्लंडसारखा वेगळा नियामक नाही. म्हणून आपल्याकडे नियामकाचे काम नागरिकांनाच करावे लागते. कोणत्याही नगरपालिकेत असा ठराव आला तर पुढचे प्रश्न लेखी विचारावेत:

१. संपूर्ण करार, परिशिष्टांसह, मराठीत आणि ठरावाआधी प्रसिद्ध होणार का? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती स्वतःहून देणे अपेक्षित आहे.

२. दर कोण ठरवणार? वार्षिक वाढ आपोआप होणार की दरवर्षी सभागृहात मंजूर करावी लागणार?

३. कंपनीला किमान उत्पन्नाची हमी आहे का? लोकांनी पाणी कमी वापरले तर तूट कोण भरणार? बेयॉनचे सगळे दुखणे या एका कलमात होते.

४. एकूण खर्चात सरकारी अनुदान किती, कंपनीचा स्वतःचा पैसा किती आणि कर्ज किती? ते कर्ज कोणाच्या नावावर?

५. कंपनी किंवा तिची मालक कंपनी विकली गेली तर नगरपालिकेची पूर्वपरवानगी लागेल का? आपला पाणीपुरवठा कोणत्या फंडाकडे आहे हे दरवर्षी जाहीर होईल का?

६. सार्वजनिक नळ, कागदपत्रे नसलेली घरे आणि थकबाकीदार गरीब कुटुंबे यांच्यासाठी काय तरतूद? नळ तोडण्याआधी काय प्रक्रिया?

७. आत्ताच्या कर्मचाऱ्यांचे आणि आरक्षित पदांचे काय?

८. काम झाले नाही तर करार कसा मोडायचा आणि मोडल्यास कोणी कोणाला किती पैसे द्यायचे?

हे प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. महिला बचत गट, विहाराची समिती, मंडळाची मुले, निवृत्त शिक्षक कोणीही विचारू शकतो. के-पूर्वच्या लोकांनी विचारले म्हणूनच तो प्रस्ताव थांबला. औरंगाबादच्या लोकांना कराराची कलमे कळली ती बिले हातात पडू लागल्यावर.

सार्वजनिक या शब्दाची किंमत

आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह त्या तळ्यावर गेले. त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले तेव्हा त्यांचा एक मुख्य दावा काय होता? तळे सार्वजनिक नाही, ते खासगी आहे, हाच. आधी मालकी सांगायची, मग कोणी पाणी घ्यायचे ते ठरवायचे. बाबासाहेब हा खटला दहा वर्षे लढले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकले. पुढे १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. माणसाच्या जगण्यावर ज्याची सत्ता चालते, त्याला जाब विचारता आला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

आज नळावर जात विचारली जात नाही, पैसे विचारले जातात. अडवणारा बदलला तरी ज्याच्या हाती मालकी, त्याच्याच हाती तोटी हा नियम तोच आहे. पाण्याचे बिल भरायला कोणाची ना नाही. पाण्याला खर्च येतो आणि तो भरलाच पाहिजे. पण ते बिल कोणी ठरवले, का ठरवले आणि त्यातले किती पैसे आपल्या गावाच्या पाइपात गेले, हे विचारता येईल असा माणूस आपल्याच गावात असला पाहिजे. तो परगावी गेला की पावतीवर नगरपरिषदेचे नाव राहूनही काही उपयोग नाही.